लॅपटॉपची हार्ड डिस्क बदला, पण हमी राखून

आमच्या कचेरीत हिशेबासाठी घेतलेला एक लॅपटॉप आठव्याच महिन्यात एका सकाळी सुरू होईनासा झाला. हमी एक वर्षाची होती, म्हणून आम्ही निर्धास्तपणे तो सेवा केंद्रात नेला. तेथील तंत्रज्ञाने खालचे झाकण उघडले आणि दोनच प्रश्न विचारले. ही हार्ड डिस्क कोणी बदलली? आणि मूळची डिस्क कोठे आहे? दोन महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका कारागिराने जुनी डिस्क काढून मोठी बसवून दिली होती. जुनी डिस्क तोच घेऊन गेला होता आणि त्याबद्दल मजुरीत थोडी सूट दिली होती. पावती नव्हती. सेवा केंद्राच्या कागदावर ‘अनधिकृत व्यक्तीने उघडलेला’ असा शेरा पडला आणि मदरबोर्ड बदलण्याचा सगळा खर्च आमच्या अंगावर आला. बिघाड चार्जिंगच्या भागात आहे, डिस्कशी त्याचा संबंध नाही, असे आम्ही परोपरीने सांगितले. परंतु ते सिद्ध करणारा कागद आमच्यापाशी एकही नव्हता.

या अनुभवातून आम्ही जे शिकलो, ते व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख. आज किराणा दुकानापासून यंत्रमाग कारखान्यापर्यंत आणि प्रवासी कंपनीपासून आंब्याच्या पेढीपर्यंत सर्वांचा हिशेब लॅपटॉपवर आहे. स्वस्तात घेतलेल्या लॅपटॉपची डिस्क बहुधा लहान असते आणि ती लवकर भरते. ती बदलणे अवघड काम नाही. मात्र ते योग्य क्रमाने केले पाहिजे.

आधी गरज तपासा

डिस्क भरली म्हणजे ती लगेच बदललीच पाहिजे असे नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम आणि त्यात स्टोरेज हा विभाग उघडल्यास कोणत्या गोष्टीने किती जागा व्यापली आहे ते दिसते. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर जुन्या आवृत्तीच्या फाइली काही दिवस तशाच पडून राहतात. तात्पुरत्या फाइली, मोबाइलवरून उतरवलेले व्हिडिओ, एकाच बिलाच्या चार-चार प्रती हा सगळा कचरा काढल्यावर पुष्कळदा भरपूर जागा मोकळी होते.

केवळ फोटो आणि जुनी कागदपत्रे ठेवण्यास जागा हवी असेल तर यूएसबीने जोडण्याची बाहेरची डिस्क घ्यावी. झाकण उघडावे लागत नाही आणि हमीचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल आणि यंत्र सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे लागत असतील, तर आतली डिस्क बदलण्यात खरा फायदा आहे. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० मेगाबाइट माहिती वाचते. साटा जोडणीची एसएसडी ५५० च्या आसपास जाते आणि एनव्हीएमई प्रकारची एसएसडी त्याच्याही कित्येक पट वेगाने चालते. शिवाय एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने धक्क्याचे भय कमी असते.

आत काय बसते ते ओळखा

बाजारात जाण्यापूर्वी आपल्या लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक टिपून घ्यावा. तो तळाच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या आपल्या बहुतेक मॉडेलांची देखभाल पुस्तिका संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतात. कोणता स्क्रू कोठे आहे आणि डिस्क कोणत्या प्रकारची आहे, हे सारे त्यात चित्रांसह असते. ही पुस्तिका वाचल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

डिस्कचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिला, अडीच इंची साटा डिस्क. यात जाडी पाहावी लागते. जुन्या डिस्का साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या असत, आताच्या बहुतेक एसएसडी सात मिलिमीटरच्या असतात. दुसरा प्रकार एम.२, म्हणजे च्युइंगमच्या पट्टीसारखी लांबट पट्टी. तिच्यावर २२८०, २२४२ किंवा २२३० असा आकडा असतो. पहिले दोन अंक रुंदी, पुढचे दोन लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. येथे एक फसगत होते. एम.२ च्या आकारात साटा आणि एनव्हीएमई असे दोन्ही प्रकार येतात. दिसायला ते जवळपास सारखे असतात, पण अनेक लॅपटॉपांच्या खाचेत त्यांपैकी एकच चालतो. तिसरा प्रकार म्हणजे मदरबोर्डवरच डाखलेली साठवण. अगदी स्वस्त आणि अगदी पातळ, अशा दोन्ही टोकांच्या लॅपटॉपांत ती आढळते. ती बदलता येत नाही, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे.

काही लॅपटॉपांत मूळ डिस्कशेजारी दुसरी खाच रिकामी असते. तसे असेल तर मूळ डिस्क न काढता नवी डिस्क त्या खाचेत बसवणे सर्वांत उत्तम. कंपनीचा भाग जागेवर राहतो आणि आपली जागाही वाढते.

हमीपत्र वाचायचे कसे

हमीपत्र हा कंपनी आणि ग्राहक यांच्यातील करार आहे. त्यात प्रामुख्याने तीन गोष्टी शोधाव्यात. एक, ग्राहकाने स्वतः बदलण्याजोगे भाग कोणते आहेत. लेनोव्होची कागदपत्रे अशा भागांना ग्राहक-बदलता भाग म्हणतात, आणि एचपीकडे ग्राहकाने स्वतः दुरुस्ती करण्याची वेगळी योजना आहे. अनेक मॉडेलांत डिस्क या यादीत असते. बिघडलेली डिस्क हमीत बदलताना कंपनीच नवी डिस्क घरपोच पाठवते आणि ग्राहकाने ती बसवावी अशी अपेक्षा धरते. जो भाग बसवण्याचे काम कंपनी स्वतः ग्राहकावर सोपवते, तो बदलला म्हणून सगळी हमी रद्द, असे तिला सहजासहजी म्हणता येत नाही.

दोन, कोणत्या नुकसानीला हमी लागू नाही. बहुतेक हमीपत्रांत असे वाक्य असते की बाहेरच्या भागामुळे किंवा अनधिकृत दुरुस्तीमुळे झालेले नुकसान हमीत येणार नाही. ‘बाहेरच्या भागामुळे झालेले नुकसान’ आणि ‘बाहेरचा भाग बसवला म्हणून हमी रद्द’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या हमीपत्रात यांपैकी कोणते वाक्य आहे ते बोट ठेवून वाचावे.

तीन, सील. काही कंपन्या एखाद्या स्क्रूवर चिठ्ठी चिकटवतात. आपल्या यंत्रावर ती असेल तर तिला हात लावण्याआधी थांबावे आणि पुढचे पाऊल आधी उचलावे.

उघडण्यापूर्वी लेखी उत्तर घ्या

पुढचे पाऊल म्हणजे कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल. दूरध्वनीवरचे बोलणे हवेत विरते, लिहिलेले टिकते. मजकूर थोडका आणि नेमका असावा. आमचा असा होता: ‘आमच्या लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक अमुक, अनुक्रमांक तमुक, खरेदी दिनांक अमुक. यातील डिस्क काढून त्याच मापाची, अधिक क्षमतेची दुसऱ्या कंपनीची डिस्क आम्ही बसवू इच्छितो. असे केल्यास यंत्राच्या उर्वरित भागांची हमी कायम राहील काय? हे काम आम्ही स्वतः केले तर चालेल, की अधिकृत सेवा केंद्रातच करावे लागेल? कृपया लेखी कळवावे.’

‘होय’ असे उत्तर आले तर ते छापून खरेदीच्या बिलासोबत ठेवावे. ‘सेवा केंद्रातच करा’ असे आले तर तसेच करावे. थोडे शुल्क पडेल, पण कामाची पावती मिळेल आणि ती पावतीच पुढे आपली ढाल होईल. ‘नाही’ असे उत्तर आले तर हमी संपेपर्यंत बाहेरच्या डिस्कवर भागवणे शहाणपणाचे.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. ठरावीक कंपनीचाच भाग किंवा सेवा वापरली तरच हमी टिकेल, अशी अट घालण्यास तो सर्वसाधारणपणे मनाई करतो. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना इशारापत्रे पाठवली. त्यांत आसुस, मायक्रोसॉफ्ट, सोनी आणि निन्टेन्डो यांचा समावेश होता. सील तुटल्यास हमी रद्द, अशा प्रकारच्या अटींवर आयोगाचा आक्षेप होता. हा कायदा अमेरिकेतल्या ग्राहकाचा आहे. तेथे राहणाऱ्या आपल्या नातलगांनी तो जरूर ध्यानात ठेवावा, पण त्याच्या आधारे मुंबईच्या सेवा केंद्रात वाद घालून उपयोग नाही.

आपल्याकडे नेमका तसा कायदा नाही, परंतु ग्राहक अगदीच निराधारही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. स्वतंत्र कारागिराकडे गाडी नेली म्हणून हमी सरसकट रद्द करण्याची अट घालता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. ते प्रकरण पुढे वरच्या स्तरावर गेले आणि ते मोटारींपुरते होते, तरी विचाराची दिशा त्यातून दिसते. ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर संकेतस्थळ सुरू केले. तेथे कंपन्यांच्या दुरुस्ती व हमीविषयक माहितीचे दुवे एकत्र दिले आहेत.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सर्वांत जवळचा. तो जुलै २०२० पासून अमलात आला. सेवेतील उणीव आणि अनुचित व्यापार प्रथा यांविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपण जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

मात्र व्यापारी बांधवांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. व्यापारी हेतूने वस्तू विकत घेणारा या कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. म्हणजे एकट्याने दुकान चालवणाऱ्याने हिशेबासाठी घेतलेला लॅपटॉप या अपवादात बसू शकतो. मोठ्या पेढीने दहा लॅपटॉप एकदम घेतले तर हा वाद विरुद्ध बाजू नक्की उभा करील. अशा पेढीने कायद्यावर विसंबण्याऐवजी करार आणि कागदपत्रेच भक्कम ठेवावीत.

माहितीची नक्कल आधी, डिस्क नंतर

हमीपेक्षाही मोलाची वस्तू डिस्कवर असते, ती म्हणजे आपला हिशेब. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. डिस्क बदलताना ती गेली तर लॅपटॉपच्या किमतीहून मोठे नुकसान होईल. म्हणून पुढील कामे क्रमाने करावीत.

पहिले, सर्व माहितीच्या दोन नकला कराव्यात. एक बाहेरच्या डिस्कवर, दुसरी वेगळ्या ठिकाणी किंवा इंटरनेटवरील साठवणीत. नक्कल झाल्यावर दुसऱ्या संगणकावर दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेली नक्कल ही नक्कलच नव्हे.

दुसरे, टॅलीसारखा प्रोग्राम असेल तर माहितीचा बॅकअप तर घ्यावाच, शिवाय परवाना आधी परत सोपवावा. हा परवाना यंत्राशी जोडलेला असतो. डिस्क बदलण्यापूर्वी तो सोडला नाही तर नव्या डिस्कवर पुन्हा चालू करताना अडचण येते. महिनाअखेरीस किंवा विवरणपत्राच्या तारखेच्या तोंडावर हे काम काढू नये.

तिसरे, कुलपाची किल्ली. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. या कुलपाची ४८ अंकी किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती आधीच कागदावर लिहून घ्यावी. नाहीतर काढलेली जुनी डिस्क पुन्हा उघडताना यंत्र तोच आकडा मागेल आणि आपण पाहत बसू.

चौथे, विंडोजच्या परवान्याची चिंता करू नये. लॅपटॉपसोबत आलेला परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. तीच आवृत्ती नव्या डिस्कवर घातल्यास इंटरनेट जोडल्यावर तो बहुधा आपोआप मान्य होतो.

प्रत्यक्ष बदल

नव्या डिस्कवर सगळे नेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत. त्यासाठी नवी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून जोडतात आणि प्रत करणारा प्रोग्राम चालवतात. क्लोनझिला हा त्यातला विनामूल्य प्रोग्राम आहे, आणि काही एसएसडी कंपन्या आपल्या डिस्कसाठी स्वतःचा प्रोग्राम देतात. प्रत करण्याआधी वरील कुलूप उघडून ठेवावे. दुसरा मार्ग म्हणजे कमीत कमी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने घालणे आणि माहिती नकलेवरून परत आणणे. यात वेळ जास्त जातो, पण जुना कचरा मागेच राहतो.

डिस्क पक्क्या बिलावर घ्यावी. एसएसडीला तिच्या कंपनीची तीन किंवा पाच वर्षांची वेगळी हमी असते आणि ती बिलाशिवाय मिळत नाही. लॅमिंग्टन रोडवर घ्या की गावातल्या दुकानात, डब्यावरचा अनुक्रमांक आणि डिस्कवरचा अनुक्रमांक जुळतो का ते तेथेच पाहावे. बिलावर तोच क्रमांक लिहून घ्यावा. अविश्वसनीय स्वस्त डिस्क म्हणजे पुष्कळदा खोट्या क्षमतेची डिस्क असते.

उघडण्यापूर्वी चारही बाजूंचे आणि सीलचे फोटो काढावेत. यंत्र पूर्ण बंद करावे. विंडोजमध्ये शिफ्ट कळ दाबून धरून शट डाउन केल्यास ते खरोखर पूर्ण बंद होते. चार्जर काढावा. पुस्तिकेत बॅटरी वेगळी करण्याची सूचना असेल तर ती पाळावी. अंगातील स्थिर वीज निघून जावी म्हणून एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावावा. गालिच्यावर बसून हे काम करू नये. झाकण लोखंडी पेचकसाने उचकटू नये, प्लॅस्टिकची पातळ पट्टी वापरावी. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर तळाचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवावा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर मदरबोर्डला इजा होऊ शकते आणि ते नुकसान कोणतीही कंपनी हमीत धरणार नाही. एम.२ पट्टी तिरकी आत सरकवून मग खाली दाबून स्क्रू लावायचा असतो. जोर लागत असेल तर काहीतरी चुकते आहे असे समजावे.

हात सराईत नसेल तर हे काम तंत्रज्ञाकडून करून घ्यावे. मात्र समोर बसून, आणि पावतीवर तारीख, काम व दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक लिहून घेऊन.

जुनी डिस्क ही अमानत समजा

आमची चूक झाली ती येथे. काढलेली मूळ डिस्क हमीची मुदत संपेपर्यंत विकू नये, कोणाला देऊ नये, पुसूही नये. स्थिर विजेपासून रक्षण करणाऱ्या पिशवीत घालून, वर लॅपटॉपचा क्रमांक लिहून, बिलासोबत ठेवावी. मूळ भागाची हमी त्या भागालाच असते. त्या मुदतीत ती बिघडलेली निघाली तर तीही बदलून मिळू शकते.

दुसऱ्या कोणत्याही बिघाडासाठी लॅपटॉप सेवा केंद्रात पाठवायचा झाला तर आधी मूळ डिस्क परत बसवावी. याने दोन कामे होतात. कंपनीला यंत्र तिने विकले त्या स्थितीत मिळते आणि बिघाड नव्या डिस्कमुळे आहे की नाही हे आपल्यालाही कळते. दुसरे, गिऱ्हाइकांची पारपत्रे, आधारच्या प्रती, उधारीचे खाते असलेली नवी डिस्क आपल्या तिजोरीत राहते. डिस्कवरील माहितीची जबाबदारी कंपन्या सामान्यतः घेत नाहीत, आणि हमीत बदललेली बिघडलेली डिस्क त्या स्वतःकडेच ठेवतात. डिस्क आपल्याकडे ठेवण्याची जादा शुल्काची योजना डेल, लेनोव्हो यांसारख्या कंपन्या व्यावसायिक ग्राहकांना देतात. ज्यांच्याकडे लोकांची कागदपत्रे असतात त्यांनी तिची चौकशी अवश्य करावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मूळ डिस्क परत बसवणे म्हणजे लपवाछपवी नव्हे. सेवा केंद्राने विचारले की यंत्र उघडले होते काय, तर खरे तेच सांगावे आणि कंपनीचे लेखी उत्तर पुढे ठेवावे. खोटे बोलून मिळवलेली हमी व्यापाऱ्याच्या सचोटीला शोभत नाही, आणि एकदा खोटे उघडे पडले की खरी तक्रारही कोणी ऐकत नाही.

तरीही नकार मिळाला तर

नकार लेखी मागावा. कोणता बिघाड, तो बदललेल्या डिस्कमुळे कसा झाला आणि हमीपत्राच्या कोणत्या कलमानुसार नकार दिला, हे तिन्ही त्यात असावे असा आग्रह धरावा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला सर्व कागद जोडून लिहावे. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानंतरही मार्ग निघाला नाही तर जिल्हा आयोग आहेच, आणि तेथे ऑनलाइनही तक्रार दाखल करता येते.

आमच्या पुढच्या लॅपटॉपच्या वेळी आम्ही हा सगळा क्रम पाळला. पत्र लिहिले, ‘यंत्रास इजा न झाल्यास उर्वरित हमी कायम’ असे उत्तर आले, मगच डिस्क बदलली. दहाव्या महिन्यात त्याचा कळफलक बिघडला. मूळ डिस्क बसवून, उत्तराची छापील प्रत जोडून आम्ही तो सेवा केंद्रात दिला. यंत्र उघडले होते का असा प्रश्न याही वेळी झाला. आम्ही होय म्हणालो आणि कागद पुढे केला. चौथ्या दिवशी लॅपटॉप दुरुस्त होऊन आला, एक पैसा न घेता.

दोन्ही वेळा डिस्क बदलण्याचे काम तेच होते. पहिल्या वेळी आमच्याकडे कागद नव्हता, दुसऱ्या वेळी होता. वाचकांनी आजच आपल्या लॅपटॉपचे बिल आणि हमीपत्र शोधून एका पाकिटात घालावे आणि त्यावर हमी संपण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. डिस्क बदलायची की नाही हे नंतर ठरवता येईल.